कुंदी

हा कपडा आम्ही विणत नाही.
तो बामाकोत येतो ट्रकनं, पांढराफटक,
काठावर ऑस्ट्रियातल्या कुठल्याशा गिरणीचा शिक्का.
त्यावर पांढऱ्यावर पांढरीच फुलं,
तिरप्या उजेडात धरली तरच दिसतात.
दमास्क म्हणतात या विणीला.
सूत एकच, रंग एकच;
कुठे ताणा वर, कुठे बाणा वर,
एवढ्याशा फरकावर उगवलेली बाग.

तेनेम्बा अंगणात त्याला बुडवते,
आधी निळीत, मग कोलाच्या तपकिरीत.
तिच्या रबरी हातमोज्यांना भोकं आहेत,
त्यामुळे यंदाच्या तबास्कीला कुठला रंग चालणार
ते बाजाराच्या आधी तिची नखं सांगतात.
मग खळ, डिंकाची, दाट.
वाळला की कपडा भिंतीला टेकून उभा राहतो
पाहुण्यासारखा, बस म्हटल्याशिवाय न बसणारा.
पण मुका.
उजेड येतो त्याच्यावर आणि तिथेच झोपतो.

तेव्हा तो आमच्याकडे पाठवतात.

आम्ही म्हणजे मी आणि मोलोबाली.
मध्ये शिआच्या लाकडाचा ओंडका,
घामानं आणि मेणानं गुळगुळीत,
अलीकडे तो, पलीकडे मी.
त्याची मोगरी खाली तेव्हा माझी वर.
दोन ठोक्यांच्या मध्ये उरते चिमूटभर जागा,
तेवढ्यात डाव्या हातानं कपडा सरकवायचा.
अकरा वर्षांत एकदाही बोट चेपलं नाही.
एकदा चेपलं.
रेडिओवर मॅच चालू होती, चूक माझी.

नदीवरच्या बायका म्हणतात, आपटलं की कापड मऊ पडतं.
हे नाही पडत.
हे मार खाऊन ताठ होतं, वर चमकायला लागतं.
झिळई वरून लावलेली नसते, बाबा,
गोल धागा चपटा होतो, शेजाऱ्याला भिडतो,
आणि मग उजेडाला आत शिरायला फटच राहत नाही.
हे मी गिऱ्हाइकांना सांगतो. ती भाव विचारतात.

यंदा पावसाळ्याआधी मोलोबालीचा खांदा गेला.
डॉक्टरनं खांद्याचं चित्र दाखवलं, कोळशासारखं काळं,
आणि म्हणाला, पुरे.
त्याच्या जागी त्याचा दोसे उभा राहिला, सतरा वर्षांचा,
ताकद बापाहून दुप्पट, कान मात्र नाहीत.
ठोक्यावर ठोका पडायचा.
जांभळ्या थानावर निस्तेज पट्टे उठले, मांजरानं चाटल्यासारखे.
तेनेम्बानं थान परत आणलं,
काही बोलली नाही,
नुसतं खिडकीपाशी धरलं.

मग मोलोबाली रोज यायला लागला.
कोपऱ्यात उलट्या बादलीवर बसायचा,
चांगल्या हातानं मांडीवर ठेका धरायचा.
पोरगा त्याच्याकडे बघायचा नाही.
पण एका दुपारी माझ्या लक्षात आलं,
कपडा सरकवताना मी विचार करत नाहीये.

थोरलीच्या लग्नाला त्यानं स्वतःसाठी बाझां घेतलं.
आयुष्यात पहिल्यांदा. उधारीवर.
पिकल्या लिंबाचा रंग, छातीवर भरतकाम.
आम्ही दोघांनी ते तीन दिवस ठोकलं,
पैसे नाही घेतले, मेणही आमचंच.

लग्नात मी माझ्या नायलॉनच्या जर्सीत,
पाठीवर कुणा परक्या खेळाडूचं नाव.
तो दिसण्याआधी ऐकू आला:
खस्‌, खस्‌,
कोरड्या पानांतून कुणी चालत यावं तसा.
उन्हात आला आणि बायकांनी डोळ्यांवर हात धरले.
पहिल्या धुण्यात हे सगळं जाणार आहे,
खळ, झिळई, आवाज,
हे त्या मांडवात आम्हा तिघांइतकं कुणाला ठाऊक?

मला बघून त्यानं एकच हात पसरला,
दुसरा उचलत नाही.
मी मागं सरलो.
म्हटलं, अरे थांब, चुरगळेल.